जीपच्या सांध्यातलं वंगण

तिसऱ्यांदा जॉइंट निखळला तो गुरुवारी, भर नाल्यात. जीप संत्र्याच्या पेट्यांनी ठासून भरलेली, स्टेअरिंगवर गुणवंता, मागे पेट्यांना धरून त्याची बायको सुधा. पाण्यातून वर चढावाला लागताना खालून काहीतरी खटकन सुटलं. एक चाक समोर बघत राहिलं आणि दुसरं रुसलेल्या व्याह्यासारखं तोंड फिरवून उभं राहिलं. स्टेअरिंगनं असा हिसका दिला की गुणवंताचं मनगट त्याच्याच दांड्यात सापडलं. तो नुसता हात पोटाशी धरून बसला आणि म्हणाला, "झालं. पुन्हा तेच."

स्टेअरिंग फिरवलं की जीपची पुढची चाकं वळतात ती खालच्या लांब लोखंडी दांड्यांमुळे. त्या दांड्यांच्या टोकांना, माणसाच्या खांद्यात असतो तसा, वाटीत बसवलेला गोळा असतो. त्याला बॉल जॉइंट म्हणतात, हे सुधाला त्या एका हंगामात इतक्यांदा ऐकावं लागलं होतं की ते तिला स्वतःच्या गुडघ्याइतकं ओळखीचं झालं होतं. दिवाळीत नवे बसवले, संक्रांतीच्या आधी गेले. पुन्हा बसवले, माघ सरायच्या आत हे असे.

गावकऱ्यांनी जीप ओढून अंगणात आणली, सौंसरच्या डॉक्टरनं गुणवंताच्या हाताला प्लास्टर घातलं आणि संध्याकाळी घरी ओट्यावर बैठक भरली. भैय्याजी हा घरातला थोरला भाऊ, म्हणजे सुधाचा भासरा. भासऱ्यासमोर सून थेट बोलत नसते आणि भासराही सुनेला थेट काही विचारत नसतो. म्हणून भैय्याजी जे काही सुधाला ऐकवायचं ते भिंतीला ऐकवत असे.

"हत्ती बांधला दारात," तो भिंतीकडे बघून म्हणाला. "फॉरेस्टवाल्यायनं निलामीत काढला, अन् आमच्या घरच्यायले वाटलं लक्ष्मी आली. बैल होते तेव्हा काय संत्री बागेतच सडत होती? मुलताईचा गिऱ्हाईक मागून राहिला जीप. या बहाराची तोड होऊ द्या. त्याच्या आत अजून एकदा बसली, तं मी विकली म्हणून समजा."

"दादा, माल डुप्लिकेट निघाला. त्यात गाडीचा काय दोष?" गुणवंता म्हणाला.

"दोन डाव डुप्लिकेट? दुकानदार का तुझा मेव्हणा आहे?"

आत चुलीपाशी सुधाचा हात डोक्यावर गेला. लग्न होऊन आल्यापासून जीप येईपर्यंत टेकडीवरच्या बागेतून खाली संत्री बायकांच्या डोक्यावरून येत होती. बैलगाडी टेकडीच्या पायथ्यापर्यंत यायची, तिथवर डोक्यावर डालीच. चुंबळीनं सुधाच्या टाळूवरचे केस घासून गेले होते, पैशाएवढी जागा उघडी पडली होती. गेल्या वर्षी जीप आली आणि तिथे लव फुटली. आता बोट लावलं की केस लागत होते, बारीक, पण केसच. जीप गेली की डालं पुन्हा तिथंच येऊन बसणार होतं. भैय्याजीच्या डोक्यावर नव्हे.

गुणवंता आत आला, पाटावर बसला. "उद्या पांढुर्ण्याले जा तू. दिलीपले संग ने," तो धाकट्या भावाचं नाव घेऊन म्हणाला.

"मी? जॉइंट आणाले?"

"दोन्ही डाव दिलीपच गेला होता. त्याले डबी चमकली की माल चांगला वाटते. तू मडकं घेतानाही चार डाव ठोकून घेतेस. अन् उद्याच जा. परवा शनिवार आहे, माय लोखंड घरात येऊ देणार नाही. परवा संध्याकाळी व्यापाऱ्याचा ट्रक सडकेवर येऊन राहिला."

कलाबाई, म्हणजे सासू, देवापाशी वाती वळत होती. तिनं मान हलवली. "शनिवारी लोखंड नाही म्हणजे नाही. बाकी मारुतीराया पाहून घेईन."

कलाबाईचा शनिवार घरात सगळ्यांना पाठ होता. पहाटे न्हाणं, निर्जळी, मग जीपमधून जामसांवळीच्या मारुतीचं दर्शन, आणि निघण्याआधी शेंदराची वाटी घेऊन जीपला एक फेरी. जीप आल्यापासून एक शनिवार चुकला नव्हता. धाकटा दिलीपच तिला आणि गल्लीतल्या चार बायकांना घेऊन जायचा. जीपची देखभालही त्याच्याचकडे होती. गुणवंता नुसता चालवायचा.

सकाळच्या एसटीत बसायला जागा मिळाली नाही. तुटलेले जॉइंट सुधानं जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधून पिशवीत घेतले होते. वळणावळणाला पिशवी शेजारच्या बाईच्या गुडघ्याला लागायची आणि ती बाई "काय नेऊन राहिली वो, पाटा का वरवंटा?" म्हणून करवादायची. दिलीप पुढे दांड्याला लटकून कंडक्टरशी गप्पा मारत होता. एरवी तो असाच, तोंड बंद नसे. पण आज सुधाला तो जरा जास्तच बोलतोय असं वाटलं.

पांढुर्ण्याला बाजारपेठेत नत्थूजीचं गाड्यांच्या पार्टचं दुकान होतं. पंख्यांचे पट्टे छताला सापांसारखे टांगलेले, काउंटरवर तेलाचे डाग. नत्थूजी चष्मा कपाळावर चढवून बसला होता. त्यानं सुधाकडे पाहिलं, मग दिलीपकडे वळून म्हणाला, "बोल गा. काय पायजे?"

"जीपचे बॉल जॉइंट," सुधा म्हणाली.

"कोणती जीप?" नत्थूजीनं दिलीपला विचारलं.

"जुनी, पेट्रोलची. फॉरेस्टची निलामीतली," सुधा म्हणाली.

"डिझल का पेट्रोल गा?" नत्थूजीनं दिलीपला पुन्हा विचारलं.

सुधानं पिशवी काउंटरवर ठेवली, जरा जोरातच. "पेट्रोल म्हटलं ना, भाऊ. घेणार मी आहे. तो ओझं उचलाले आला."

नत्थूजीनं चष्मा खाली घेतला. मागच्या फळीवरून त्यानं तीन डब्या काढल्या आणि आवाज न बदलता सांगायला लागला. ही लोकल, ही पंजाबातली, ही कंपनीची. लोकल महिना काढते, पंजाबातली सहा महिने, कंपनीची जन्मभर, असं त्याचं म्हणणं. सुधानं डब्या उघडल्या. लोकलचा रंग नखानं निघाला. ती तिनं बाजूला सारली.

"अन् गेल्या डावी तुम्ही याले कोणती दिली होती?"

"याले?" नत्थूजीनं दिलीपकडे नीट पाहिलं. "याले पंजाबातलीच दिली होती. संक्रांतीच्या आधी. मले आठवते ना, भाव करता करता यानं माझी सकाळ खाल्ली होती."

"मग ती दोन महिने काहून नाही टिकली?"

"ते मी कसं सांगू बाई? दाखवा."

सुधानं गाठ सोडली. दुकानात उन्हाची तिरीप येत होती, घरी चुलीपाशी जे दिसलं नव्हतं ते तिथे दिसलं. जॉइंटच्या तोंडावरची रबरी टोपी फुगून लिबलिबीत झाली होती आणि तिच्या फटीतून लालभडक चिखल बाहेर आला होता. नाल्याची माती लाल नव्हती. सुधानं बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. तिळाचं तेल आणि शेंदूर. दर शनिवारी घरात जो वास भरून राहायचा तोच.

नत्थूजीनं टोपी चिमट्यानं ओढून काढली, आतला गोळा बोटानं हलवला. तो खुळखुळ्यासारखा वाजला. "ग्रीसचा थेंब नाही यात," तो म्हणाला. "कोरडा पडला. कंपनीचा असता तरी गेला असता. ग्रीस कोण मारते गाडीले?"

सुधानं दिलीपकडे पाहिलं. दिलीप भिंतीवरच्या कॅलेंडरातली लक्ष्मी अशी न्याहाळत होता जणू ती आजच पहिल्यांदा प्रकट झाली.

"दिलीपभाऊ."

"आं?"

"बाहेर या."

दुकानाच्या पायरीशी रिक्षा, हमाल, संत्र्याच्या पेट्यांत घालायच्या गवताच्या पेंढ्या. दिलीपनं मान खाली घालून सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी वनस्पती तुपात जनावराची चरबी निघाल्याची बोंब झाली होती, तेव्हा कलाबाईनं तुपाचा अख्खा डबा उकिरड्यावर नेऊन ओतला होता, सुधाला आठवत होतं. मग जीप आली. सौंसरच्या कुण्या मेकॅनिकनं गंमतीगंमतीत म्हटलं, आजी, ग्रीस म्हणजे चरबीच की. झालं. जी गाडी मारुतीच्या दारी जाते तिला चरबी लावायची नाही. कलाबाईनं दिलीपला देवासमोर हात ठेवायला लावला. ग्रीस मारायची पिचकारी, ती ग्रीसगन, गोठ्याच्या माळ्यावर गेली. शनिवारी कलाबाई स्वतः खाली वाकायची, फडक्यानं काळं पुसून काढायची आणि त्या सांध्यांना तिळाचं तेल अन् शेंदूर भरायची. मायेनं. बोटानं आत आत दाबून.

"अन् तुम्ही पाहत उभे राहायचे."

"शपथ घातली ना वो वहिनी. मी म्हटलं तेल तं तेल, तेलही वंगणच आहे."

"तुमच्या भावाचा हात गेला."

"मले का मालूम होतं हात जाईन म्हणून?" दिलीपचे डोळे भरले, तेही सुधाला आवडलं नाही. रागावायला समोर कुणीतरी घट्ट माणूस लागतो, हा तर लोण्यासारखा विरघळून राहिला होता. आणि ती तरी काय करत होती इतके शनिवार? शेंदराची वाटी तिनंच घासून ठेवली होती दर वेळी. सासू जीपच्या कोणत्या अंगाला वाकते ते बघायला ती एकदाही अंगणात आली नव्हती. ओलं पातळ पिळायचं होतं, भाकरी टाकायची होती.

ती पुन्हा काउंटरपाशी आली. तोवर नत्थूजीनं चौथी डबी काढून ठेवली होती.

"तुमचं काम या डबीत आहे," तो आता सुधालाच म्हणाला. "हा बंद जॉइंट. ग्रीस आतच भरून येते, वरून सील. ग्रीस माराले छेद नाही, त्यावरचं निपल नाही, काही झंझट नाही. लावा अन् विसरून जा."

दिलीपचा चेहरा उजळला. "वहिनी, हेच घ्या. मायले काही सांगाचं कामच नाही. वरून शेंदूर लावन ते लावू द्या. तिलेही बरं, आपल्यालेही बरं."

सुधानं तो जॉइंट हातात घेतला. देखणा होता. गुळगुळीत, कुठे भोक नाही, टोपी घट्ट. खरंच सगळं मिटत होतं त्यात. घरी शब्द काढायला नको, सासूच्या डोळ्यांत बघायला नको.

"आमची गाडी नाल्यातून जाते, भाऊ. येता जाता पाणी, वाळू. अन् वरून हे असं तेल. हा किती टिकन?"

नत्थूजीनं डोकं खाजवलं. दुकानदार होता, पण खोटं बोलायला त्याला वेळ लागत असे. "सडकेवर लय टिकन," तो म्हणाला. "नाल्यात... टोपी एकदा नासली अन् वाळू आत गेली की गेला. आत गेलेलं काढाले रस्ता नाही ना. निपलवाल्याचं तसं नाही. दर हप्त्याले ताजं ग्रीस दाबलं की जुना गाळ टोपीतून बाहेर येते. पण मारा लागते बाई. नाही मारलं तं कंपनीचाही असाच होईन," आणि त्यानं तुटक्या जॉइंटकडे बोट केलं.

"या बहारापुरता तं निघन ना बंदवाला?" दिलीप मध्ये म्हणाला.

"निघन. नाही निघन. देवाले माहीत."

सुधानं बंद जॉइंट डबीत ठेवला. डबी मागे सारताना तिला स्वतःचाच राग येत होता, कारण हात ती सोडायला तयार नव्हता.

"निपलवाले दाखवा. कंपनीचे."

मग तिनं ते जे निवडायला घेतले, त्यानं नत्थूजीची दुपार गेली. प्रत्येकाचा दांडा अंगठ्यानं चहूकडे फिरवून पाहिला. तो जड फिरला पाहिजे, पण सगळीकडे सारखाच जड. एक डावीकडे कडक आणि उजवीकडे सैल लागला, परत केला. टोपी चिमटीत दाबून सोडली, लगेच उभारी धरते का पाहिलं. आटे बोटानं चाचपले. दोन जॉइंट दोन हातांत घेऊन वजन जोखलं. चौथा जॉइंट मनासारखा मिळेना तेव्हा तिनं माळ्यावरची डबी काढायला लावली.

"बाई, हे काय वांगे आहेत का?" नत्थूजी शिडीवरून ओरडला.

"वांगं किडकं निघालं तं वांगं फेकता येते, भाऊ. हे किडकं निघालं तं माणूस फेकल्या जाते."

नत्थूजी हसला नाही, पण डबी पुसून दिली. ग्रीसचा एक डबाही तिनं घेतला. घेता घेता विचारलं, "यात चरबी असते का, भाऊ? खरं सांगा."

"आता मले काय माहीत? मी थोडीच पोळीले लावून खातो." मग तिचा चेहरा पाहून तो जरा नरमला. "लोक म्हणतात जमिनीतल्या तेलाचं करतात. साबणासारखं काहीतरी टाकतात. त्या साबणात काय असते ते कोणी पाहिलं? डब्यावर तं कंपनीचं नाव अन् हत्तीचं चित्र, बस."

म्हणजे तेही खात्रीचं नाही. परतीच्या एसटीत जागा मिळाली, खिडकीही मिळाली, पण सुधाला बाहेरचं काही दिसलं नाही. सासूला "नसते चरबी" म्हणून सांगता आलं असतं तर किती सोपं होतं. ते नत्थूजीनं काही हाती दिलं नव्हतं.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. कलाबाई अंगणात तुळशीपाशी सडा घालत होती. सुधानं पाय धुतले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि तिथंच, पाणीही न पिता, सांगायला सुरुवात केली. थांबली असती तर तिचं तिलाच सुचलं नसतं. कुणाचं नाव न घेता, आवाज न चढवता सांगितलं. लाल चिखल, फुगलेली टोपी, कोरडा गोळा, चरबी म्हणून सोडलेलं ग्रीस, आणि आता आणलेला त्याचा डबा.

कलाबाईनं तांब्या खाली ठेवला.

"माझ्या लेकराच्या जिवाले जपावं म्हणून मी लावून राहिली," ती हळू म्हणाली, "अन् तू म्हणतेस माझ्या लावण्यानं त्याचा हात मोडला?"

"देवाच्यानं नाही मोडला, माय. कोरडं पडल्यानं मोडला."

"मीच कोरडं केलं ना ते."

सुधाला हो म्हणवत नव्हतं, नाही म्हणता येत नव्हतं. तिला वाटलं, सासूनं ओरडावं, नत्थूजीला शिव्या घालाव्यात, दिलीपच्या पाठीत धपाटा घालावा. त्यातलं काहीच झालं नाही.

"शेंदूर समोरच्या पत्र्याले लावा ना," सुधा म्हणाली. "नंबराच्या पाटीवर लावा. सांध्याले काहून?"

"जिथून मोडते तिथंच जपा लागते. तू लेकराले काजळाचं बोट कुठी लावतेस, पाठीले?"

ओट्यावरून भैय्याजीचा आवाज आला, भिंतीला. "मी म्हणूनच राहिलो, विका. देवही सुटन अन् चरबीही सुटन."

कलाबाईनं मान वर केली. "तू चूप बैस," ती लेकाला म्हणाली, आणि भैय्याजी खरोखरच गप्प बसला. मग ती सुधाकडे वळली. "त्या डब्यात चरबी आहे का नाही?"

"माहीत नाही, माय. विचारलं मी. दुकानदारालेही माहीत नाही."

"नाही म्हणून सांगितलं असतं तं मी मानलं असतं."

"मालूम आहे," सुधा म्हणाली. "म्हणूनच नाही सांगितलं."

कलाबाई उठून आत गेली. देवासमोर बसली, रात्रीचं जेवण केलं नाही. सुधाही जेवली नाही, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दिलीप आणि गुणवंता माळ्यावरून ग्रीसगन काढावी का नाही याच्यावर कुजबुजत राहिले. "मायनं हो म्हटलं का?" "नाही म्हटलं का?" अशी ती कुजबुज. सुधाला दोघांचीही तोंडं बंद करावीशी वाटली.

पहाटे न्हाऊन ओल्यानंच कलाबाई अंगणात आली. हातात शेंदराची वाटी होती. जीप पुढून उचलून विटांवर ठेवली होती. दिलीप खाली झोपून जॉइंट आवळत होता. आईला बघून तो तसाच निजून राहिला.

"दिल्या, ग्रीस भर," कलाबाई म्हणाली.

"शपथ आहे ना, माय."

"मी घातली, मीच सोडवते. भर. माह्या देखत भर."

दिलीपनं निपलला ग्रीसगन लावली आणि दाबली. टोपी किंचित फुगली. काळसर पिवळी रेघ कडेनं बाहेर आली. कलाबाईनं ती नीट पाहिली, तोंड फिरवलं नाही. मग वाटी सुधाच्या हातात दिली, "देवघरात ठेव," म्हणून.

"अन् जामसांवळी?" दिलीपनं खालूनच विचारलं. "किती वाजता निघाचं?"

"तू पेट्या आणाले जा. मी पायी जाईन."

"पायी? एवढं लांब? निर्जळी?"

"त्या गाडीत काय आहे ते मले मालूम नाही. मालूम नसलेलं घेऊन मी त्याच्या दारात जात नाही. गाडीनं कमवावं, मी तिच्यात बसणार नाही. बस." ती सुधाकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच सुधाला सोसलं नाही. "तू तुझं खरं बोलली. आता मले माझं पाळू दे."

सुधाचा संताप झाला. सांधा नीट झाला, जीप वाचायची सोय झाली, आणि साठी उलटलेली बाई उपाशी पोटी उन्हात चालणार. कुणी जिंकलं हे? बंद जॉइंट घेतला असता तर म्हातारी आता आरामात जीपमध्ये बसली असती, हातात उदबत्तीचा पुडा घेऊन. सुधानं भाकरीचा तवा उतरवला, पदर खोचला, चपला पायात सरकवल्या.

"तू कुठी?" कलाबाईनं विचारलं.

"तुमच्या मागं. रस्त्यात चक्कर आली तं कोण उचलन?"

"मी म्हटलं नाही तुले ये म्हणून."

"मीही विचारलं नाही तुम्हाले."

त्या दिवशी परतताना दोघींच्या टाचा सोलून निघाल्या होत्या. व्यापाऱ्याचा ट्रक सडकेवर भरून गेला होता, जीपनं एकही खेप चुकवली नव्हती. भैय्याजीनं भिंतीला काही सांगितलं नाही.

पुढचा शनिवारही तसाच, त्याच्या पुढचाही. गल्लीतल्या बाया दिलीपच्या जीपमधून जात, "या ना वो कलाबाई, काहून जिवाले त्रास?" म्हणून हाका मारत, आणि त्यांच्यातल्या एकीनं तर सुधाला तोंडावर म्हटलं, सुनेनं सासूला गाडीतून उतरवलं म्हणून. सुधानं ते ऐकून घेतलं. काय सांगणार होती? दिलीप मात्र आता दर हप्त्याला न सांगता ग्रीस भरत होता, गाळ पुसत होता, आणि स्टेअरिंग सुतासारखं सरळ फिरतं म्हणून येईल त्याला सांगत होता. मुलताईचा गिऱ्हाईक एकदा येऊन, जीप खालून वर बघून, चहा पिऊन गेला. भैय्याजीनं त्याला तोड संपल्यावर बघू म्हटलं. तोड संपत आली तरी पुन्हा निरोप धाडला नाही.

होळीच्या आधीचा शनिवार होता. ऊन आता चांगलंच चटकत होतं. अर्ध्या वाटेवर कलाबाई लिंबाखाली टेकली, पदरानं तोंड पुसलं. निर्जळी असल्यानं पाणी द्यायचीही सोय नव्हती. सुधा उभीच राहिली, कारण बसली असती तर तिला बोलावंसं वाटलं असतं आणि बोलली असती तर भांडण झालं असतं.

मागून जीपचा आवाज आला. शेवटच्या तोडीच्या पेट्या होत्या, दोरांनी आवळलेल्या. गुणवंताचं प्लास्टर निघालं होतं, तोच चालवत होता. दोघींना बघून त्यानं वेग कमी केला, बाजूची जागा रिकामी होती.

"बसा ना, माय," सुधाच्या तोंडून गेलंच. "तुमचाच लेक आहे. आपलीच गाडी. मंदिराच्या अलीकडे उतरा, बाकीचं चाला. देव का मोजून पाहते?"

कलाबाईनं हातानं लेकाला पुढे जा म्हणून खूण केली. तो क्षणभर घोटाळला. तिनं पुन्हा खूण केली, तेव्हा त्यानं जीप पुढे काढली. पुढे वळणावर मोठा खड्डा होता. पुढची दोन्ही चाकं एकदम त्यात उतरली आणि एकदम वर आली, सोबतच वळली. धूळ दोघींच्या अंगावर आली.

कलाबाई कान देऊन ऐकत राहिली, जीप वळणाआड जाईपर्यंत.

"वाजून नाही राहिली आता," ती म्हणाली.

"नाही."

"हात दे मग. ऊन चढून राहिलं."

सुधानं हात दिला. म्हातारी उठली, आणि दोघी चालायला लागल्या. सुधा अजून रागातच होती, पण तिनं हात सोडला नाही.